तीनपैकी एक ओळ

त्या घरात सकाळी नऊपर्यंत कोणी बोलत नसे.

अगदी ठरवून बोलत नसे. नळाखाली बादली लावायची तर आधी तळाशी फडकं अंथरायचं, म्हणजे धार वाजत नाही. कुकर नऊनंतर. पंखा बंद. शिंक आलीच तर उशीत तोंड खुपसून द्यायची. दारांच्या बिजागऱ्यांना दर पंधरवड्याला तेल. कारण मागच्या ओसरीवर, तळ्याकडे तोंड करून, अण्णा कानांवर हेडफोन चढवून बसलेले असत. तळ्याकाठच्या लव्हाळ्यांत पाणकोंबड्या जाग्या व्हायच्या, खंड्या एकदा खच्चून ओरडायचा, आणि अण्णा ते सगळं टिपून ठेवायचे. बावीस वर्षं. गल्लीतले लोक त्यांना कौतुकाने 'पाखरूअण्णा' म्हणत. कौतुक करायला लोकांचं काय जात होतं? त्यांच्या घरी कुकर वाजत होते.

सून लग्न होऊन आली तेव्हा काम करता करता गुणगुणायची. आठ दिवसांत सवय गेली. पुढे तिची मुलगी झाली, तेव्हा मात्र पंचाईत आली. तान्ह्या पोराला नऊची वेळ कोण समजावणार? रडू फुटलं की सून तिला घेऊन न्हाणीघरात पळायची आणि आतून दार लावून बसायची. मुलगी बोलायला लागली तशी तीही शिकली. आजोबांनी ओठांवर बोट ठेवून 'श्श!' केलं की गप्प. चिमणी म्हणायचे तिला. पाखरांच्या घरात एक चिमणी, तीही मुकी.

चिमणी चार वर्षांची होऊन तापाने गेली. त्या शेवटच्या पहाटे ती कण्हत होती, आणि अण्णा ओसरीवरून आत येऊन दबक्या आवाजात म्हणाले होते, "तिला पलीकडच्या खोलीत घे. घुबडाची पिल्लं पहिल्यांदाच बोलतायत." सुनेने उचलून पलीकडच्या खोलीत नेलं. दुपारपर्यंत चिमणी संपली.

त्याला अकरा वर्षं झाली. सुनेने त्यानंतर एक नेम धरला होता, कोणाला न सांगता. नऊचा ठोका पडला, बोलायची मुभा झाली, की तोंडातून पहिला शब्द काढायचा तो लेकीचा. हळूच, शेगडीपाशी उभं राहून. "चिमणे." मग दिवस सुरू. एकही खाडा नाही. पण नशीब असं, की चेहरा फोटोंमुळे राहिला आणि आवाज मात्र निसटत गेला. 'आई' म्हणताना ती 'ई' किती लांबवायची, हे गेल्या दोन-तीन वर्षांत सुनेला आठवेनासं झालं होतं. आवाजाचा फोटो कोणी काढून ठेवला नव्हता. नवरा तिच्या पाचव्या वाढदिवसाला व्हिडिओचा फोन घेणार होता.

तर त्या गुरुवारी, नऊ वाजून गेल्यावर, सून नेम करून कणीक मळत होती आणि समोरच्या खोलीत अण्णा डिस्क लावत होते.

डिस्क म्हणजे तळहाताएवढी काळी डबी. बावीस वर्षं त्या डबीत होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर. महिन्या-दोन महिन्यांनी घरी आला की अण्णांची रेकॉर्डिंग त्या डबीत भरून द्यायचा आणि कार्डं रिकामी करायचा. त्याने दहादा सांगितलं होतं, "अण्णा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत काढून ठेवू." अण्णा म्हणायचे, "नक्कल ती नक्कल. आणि दोन ठिकाणी ठेवलं की एका ठिकाणाहून चोरीला जातं." शनिवारी अकरा वाजता संग्रहालयाच्या बाई ती डबी न्यायला येणार होत्या. संग्रहालयात अण्णांच्या नावाचं दालन व्हायचं होतं. कानाला लावून पाखरं ऐकायची, आणि भिंतीवर अण्णांचा फोटो. अण्णांनी फोटोसाठी दाढी कोरून घेतली होती.

सुनेचे हात कणकेत होते, पण कान समोरच्या खोलीत. डिस्क लावली की कॉम्प्युटर 'टुडुंग' असं वाजतो. ते वाजलं नाही. वायर काढल्याचा आवाज, घातल्याचा. नाही वाजलं. मग फू, फू. अण्णा फुंकर घालत होते. मग कॉम्प्युटर बंद, चालू. मग एक चापट.

"चापट मारून जागी व्हायला ती काय शेजारची कोंबडी आहे," सून मनात म्हणाली.

तिला कळत होतं, कारण तिचं पोट त्यावरच चालत होतं. चिमणी गेल्यावर घरात जीव गुदमरायला लागला तेव्हा ती बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पावत्या लिहायला लागली, आणि पावत्या लिहिता लिहिता काम शिकली. आता दुकानमालक, ज्याला सगळा बाजार 'मामा' म्हणायचा, तो मेलेल्या डिस्का डोळे मिटून तिच्याकडे सरकवायचा. "वहिनी, बघा हो, यात एका माणसाचं अख्खं लग्न अडकलंय. तो म्हणतो बायको नाही निघाली तरी चालेल, फोटो निघू द्या." घरात मात्र अण्णांच्या लेखी ती दुकानात स्क्रू वेचत होती.

अण्णांनी मुलाला फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अहो अण्णा, हिला विचारा ना. ती दिवसभर हेच करते."

"तिला काय विचारायचं? तू सांग."

"मी गाडीत आहे, अण्णा. तिला विचारा." फोन कट.

मग, "अगं ए. जरा इकडे ये."

सून हात पुसत दारात उभी राहिली. अण्णा खुर्चीत, नाक पडद्याला टेकेल इतके वाकलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन दालनाच्या कार्यक्रमानंतर करायचं ठरलं होतं, फोटोत डोळ्याला पट्टी नको म्हणून. त्यांना पडद्यावर चौकोन दिसायचे, रंग दिसायचे, अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.

"तिथूनच सांग," अण्णा म्हणाले. "हात लावायचा नाही. माझ्या वस्तूंना कोणी हात लावत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, अण्णा."

आणि तिने सांगितलं, अगदी मनापासून. तोवर तिच्या मनात काही नव्हतं. वायर पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावा, पुढच्याला वीज कमी पडते. लावली. काही नाही. डबीला कान लावा, आत फिरल्याची घरघर येते का? अण्णांनी कान लावला. तो कान मात्र अजून तरुण होता.

"काहीच नाही. ठार."

"टकटक?"

"नाही म्हटलं ना!"

"मग चांगलं आहे. टकटक आली असती तर आतली सुई मोडली असती. वायर गेली असणार." तिच्या पिशवीत दुकानाच्या दोन-चार वायरी असायच्याच. एक तिने टेबलाच्या कडेला ठेवली. अण्णांनी चाचपडत ती लावली. डबीवरचा निळा दिवा लुकलुकला, आत घरघर सुरू झाली आणि कॉम्प्युटर म्हणाला, टुडुंग.

अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून सुनेलाही बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाचं हसू, काही झालं तरी.

तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक चौकोन उगवला.

"हे काय? काय म्हणतंय?"

सुनेने वाचलं. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? असा चौकोन तिने आजवर शे-दोनशे वेळा पाहिला होता. वायर मध्येच मेली की डिस्कची अनुक्रमणिका फाटते. मजकूर जिथल्या तिथे असतो, फक्त कुठल्या पानावर काय ते कॉम्प्युटरला कळत नाही. अशा वेळी 'नाही' म्हणायचं, डबी दुकानात न्यायची, अर्ध्या दिवसात सगळं बाहेर. तिने सांगायला तोंड उघडलं.

"अण्णा, थांबा. याला..."

"मी विचारलं काय म्हणतंय, तू लागलीस थांबा-बिंबा सांगायला. विचारलं तेवढं सांगावं माणसाने. मधेच तोंड घालायची सवय! त्या पोरीलाही तुझीच सवय लागली होती. ऐन मोक्याला तोंड उघडायची."

खोलीत घरघर चालू होती. सून दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. अकरा वर्षांत अण्णांनी चिमणीचा विषय पहिल्यांदा काढला होता, आणि काढला तो असा.

"सांग की! काय म्हणतंय?"

"म्हणतंय," सून म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, "डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल."

"म्हणजे घडी नीट बसवणार. मग कर म्हणावं. ये, दाब."

"मी हात लावत नाही, अण्णा. तुम्हीच म्हणालात."

"हं. कुठे दाबू?"

"डावीकडचं बटण."

अण्णांनी दाबलं. दुसरा चौकोन आला.

"ही बारीक खूण कसली दिसते खाली?"

"लवकर उरकायचं की सावकाश, पूर्ण करायचं, ते विचारतंय. खूण ठेवली तर लवकर."

यात एकही शब्द खोटा नव्हता. लवकर उरकलं असतं तर फक्त अनुक्रमणिकेतली नावं गेली असती, मजकूर खाली राहिला असता, आणि तिला तो काढता आला असता. पूर्ण म्हणजे प्रत्येक पानावर बोळा.

"लवकर?" अण्णा हसले. "सूनबाई, एका घुबडासाठी मी सहा हिवाळे बसलोय. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट घाईत केली नाही. काढ ती खूण. म्हणजे मीच काढतो." काढली.

तिसरा चौकोन आला, पिवळ्या त्रिकोणाचा. अण्णा पुढे वाकले.

"आता काय?"

सुनेने वाचलं. तीन ओळी होत्या. सावधान. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं का?

"पुढे जायचं का, असं विचारतंय," ती म्हणाली.

"तर काय मागे जायचं?" अण्णांनी बटण दाबलं. तळाशी हिरवी पट्टी हलायला लागली, नखाएवढी.

सुनेने कणीक झाकली, स्वयंपाक उरकला, अण्णांचं ताट वाढून ठेवलं आणि ती दुकानात गेली.

दुकानात दिवसभर तिचे हात चालले. मामाने विनोद केले, ती हसली. एका बाईचा पाण्यात पडलेला लॅपटॉप तिने केस वाळवायच्या यंत्राने वाळवला. मधेच घड्याळाकडे पाहिलं की पोटात काहीतरी गोड व्हायचं, आणि त्या गोडाची तिला भीती वाटायची. देवापुढे कबूल करायच्या गोष्टींची ती रोज मनात यादी करायची. आजच्या यादीत तिने लिहिलं, तीनपैकी एकच ओळ सांगितली. मग वाटलं, पाहू पुढे. घरी जाऊन सांगू. नाहीतर शनिवारी त्या बाईंसमोर कळू दे त्यांना. सगळ्यांसमोर. ओठांवर बोट ठेवून उभी राहीन मी.

साडेपाचला ती घरी आली तेव्हा हिरवी पट्टी जवळजवळ भरली होती. अण्णा समोर बसून होते, अंडी उबवणाऱ्या पाखरासारखे. ताट तसंच.

"कुठवर आलं गं हिरवं?"

"एक्क्याण्णव टक्के."

"पाहिलंस? घाई केली नाही." अण्णा खुशीत होते, इतके की म्हणाले, "बस. खुर्ची घे. मी सांगतो, तू लिही. बाईंना यादी द्यायची आहे. कशात काय आहे ते मला तोंडपाठ."

सून वही घेऊन बसली. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची तिची ही पहिलीच वेळ. अण्णा डोळे मिटून सांगत होते आणि ती लिहीत होती. पाणकोंबडी, विणीचा हंगाम, चारशे दोन. खंड्या, दोनशे साठ. घुबड, पिल्लांसह, एकोणीस. जे आता कुठेच नव्हतं ते ती सुबक अक्षरात लिहीत होती.

"शेवटचं फोल्डर, बिघडलेली. ते लिहू नकोस. ते द्यायचं नाही."

"त्यात काय आहे, अण्णा?"

"तुमचे उपद्व्याप. तुम्हा सगळ्यांचे. कोणी बादली आपटली, कोणी खोकलं, ती सगळी रेकॉर्डिंग वेगळी काढून ठेवली आहेत. तारीख, वेळ, कितव्या मिनिटाला, कोण. वाटायचं, एक दिवस बसवून ऐकवावं, म्हणजे कळेल माझं किती नुकसान केलंत. तुझी बत्तीस आहेत. आणि सर्वांत जास्त तुझ्या चिमणीची. एकशे बारा. काय काय बडबडायची! आई ते बघ, आई हे बघ. एकदा तर पूर्ण गाणं म्हटलंय, पाणकोंबडीच्या डोक्यावर."

वही खाली पडली.

सून उठली कधी आणि टेबलापाशी पोहोचली कधी, तिलाही कळलं नाही. तिचा हात वायरीवर पडला तोच अण्णांच्या हाताने तिचं मनगट पकडलं. म्हातारा हात, पण बावीस वर्षं माइक न हलवता धरलेला.

"हात लावायचा नाही! पूर्ण होऊ दे!"

"अण्णा, सोडा! सोडा म्हणते ना!" त्या घरात इतका मोठा आवाज पूर्वी कधी झाला नव्हता. मागच्या लव्हाळ्यांतून कसलंसं पाखरू भर्रकन उडालं. तिने दुसऱ्या हाताने वायर उपटली. निळा दिवा विझला. पट्टी ब्याण्णववर अडकली.

"बाई, वेड लागलं काय तुला? फुकट गेलं ना सगळं!"

"सकाळीच गेलं, अण्णा." ती डबी छातीशी धरून उभी होती. "फॉरमॅट म्हणजे पुसणं. तुम्ही सकाळपासून पुसताय."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या दिशेने.

"तू वाचून दाखवलंस," ते म्हणाले.

"हो."

"ओळी तीन होत्या. अक्षर लागत नाही मला. ओळी मोजता येतात."

सुनेने डबी आणखी घट्ट धरली.

"मला वाटलं," अण्णा हळूच म्हणाले, "बाकीच्या दोन कामाच्या नसतील. म्हणून तू गाळल्यास." आणि मग त्यांनी मान खाली घातली, कोरलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि विचारलं, "घुबडाची पिल्लंही?"

"सगळंच."

"शनिवारी त्या बाईंना तूच सांग," अण्णा म्हणाले, आणि उठून भिंत चाचपत मागच्या ओसरीवर गेले.

शुक्रवारी ती नेम न करताच दुकानात गेली. मामाने डबी पाहिली, तिचं तोंड पाहिलं आणि एकही विनोद केला नाही. काढायचं जेवढं निघेल तेवढं, असं म्हणून यंत्राला लावली. यंत्र दिवसभर पानामागून पान चाळत राहिलं. कोरं, कोरं, कोरं. पट्टी जिथे थांबली होती त्याच्यापुढे, अगदी शेवटच्या कोपऱ्यात, थोडी पानं वाचली होती. संध्याकाळी मामाने सांगितलं, "वहिनी, अकरा फायली निघाल्या. नावं नाहीत. एकेक वाजवून बघा."

दहांत पाखरं होती. पाण्यावरचा वारा आणि पाखरं.

अकराव्या फाइलमध्ये सुरुवातीला काहीच नव्हतं. मग अनवाणी पावलं, लहान, दुडदुड, जवळ येणारी. सुनेने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबला. पावलं थांबली. कोणीतरी अगदी जवळ, बोलायच्या आधी घेतात तसा श्वास घेतला.

"श्श!"

आणि मग पाखरं.

पडद्यावर आवाजाची रेघ सपाट चाललेली मामाला दिसत होती. मध्येच एखादी बारीक किलबिल. "वहिनी," तो म्हणाला, "यातही तेच दिसतंय. दुकान बंद करू का?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. पुढे चाळीस मिनिटं बाकी होती. त्या चाळीस मिनिटांत कुठेतरी, माइकपासून हातभर अंतरावर, एक शहाणी पोर गप्प बसून होती, कारण तिला तसं सांगितलं होतं. तिचं ते गप्प बसणं ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.